पिंक कोण आणि फ्लॉइड कोण?

१९६२ साली फिलिप्स कंपनीने इंग्लंडमध्ये ब्लाइंड बॉय फुलर या अमेरिकी ब्लूज गायकाची एक एलपी बाजारात आणली. फुलरला जाऊन तेव्हा २१ वर्षं झाली होती आणि गाणी त्याहून जुनी, १९३५ ते १९४० मध्ये अमेरिकेत ध्वनिमुद्रित झालेली. धंद्याच्या हिशेबात ही रेकॉर्ड म्हणजे किरकोळ माल. पण तिच्या वेष्टनामागे बारीक टायपात पॉल ऑलिव्हरने लिहिलेलं टिपण होतं, आणि त्या काळच्या इंग्लिश पोरांना ब्लूजबद्दल जे काही ठाऊक होतं त्यातलं बरंचसं अशाच टिपणांतून आलेलं होतं.

ऑलिव्हर मूळचा वास्तुकलेच्या वर्तुळातला. जगभरातली साधी घरं, जी कोणा वास्तुविशारदाने आखलेली नाहीत, हा त्याच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. पुढे १९९७ मध्ये त्याने त्यावरचा एक अवाढव्य ज्ञानकोश संपादित केला. बांधणाऱ्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही अशा गोष्टींकडे वळणारा हा माणूस ब्लूजकडे वळला, याचं मला नवल वाटत नाही. फुलरबद्दल लिहिताना त्याने फुलरच्याच मुलखातल्या आणखी काही गायकांची नावं ओघात घेतली. एखाद्या वाक्यापुरती, पुढे त्यांच्याबद्दल काही नाही. त्यात पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल ही दोन नावं शेजारी शेजारी होती.

तीन वर्षांनी, १९६५ मध्ये, लंडनमधला एक नवखा बँड ‘द टी सेट’ या नावाने कार्यक्रम करत होता. एका हवाई तळावर (तो बहुधा नॉर्थोल्टचा) वाजवायला गेल्यावर कळलं की त्याच नावाचा दुसरा बँडही तिथे येणार आहे. नाव तिथल्या तिथे बदलणं भाग होतं. गिटार वाजवणाऱ्या सिड बॅरेटने ती दोन पहिली नावं जोडली आणि ‘द पिंक फ्लॉइड साउंड’ असं नाव दिलं. काही काळाने शेपूट गळालं, मग ‘द’ही गळालं.

आजही कॉलेजच्या कट्ट्यावर पिंक फ्लॉइडचा, त्रिकोणी लोलकाचा टी-शर्ट घातलेला कोणी ना कोणी असतोच. त्याला विचारलं तर पिंक फ्लॉइड हा एखादा माणूस असावा, किंवा मग गुलाबी रंगाचं काहीतरी गूढ प्रकरण असावं, असंच बहुधा ऐकायला मिळेल. दोन माणसं होती, एकमेकांपासून दोनेकशे मैलांवर राहत होती आणि दोघांनी मिळून कधी बँड काढला नव्हता, हे फार थोड्यांना माहीत असतं. बॅरेटने या दोघांना मन लावून ऐकलं होतं असं समजायलाही आधार नाही. अँडरसनच्या रेकॉर्डी अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांच्या. इंग्लंडमध्ये त्या मिळवायच्या म्हणजे ओळखीपाळखी, टपाल आणि बराच पैसा. नाव मात्र कागदावर होतं, आणि त्याला आणखी पैसे पडत नव्हते.

पिंक अँडरसन १९०० साली दक्षिण कॅरोलायनातल्या लॉरेन्समध्ये जन्मला आणि जवळच्या स्पार्टनबर्ग गावात वाढला. ॲपलाचियन डोंगर आणि अटलांटिकची किनारपट्टी यांच्या मधला हा टेकड्यांचा पट्टा, पीडमाँट म्हणतात तो. मिसिसिपीच्या खोऱ्यातला ब्लूज जडशीळ. इथला चालीला हलका. उजव्या हाताचा अंगठा खालच्या तारांवर आलटून पालटून ठेका धरतो आणि त्याच हाताची बोटं वरच्या तारांवर सूर काढतात, त्यामुळे एकच गिटार ऐकताना दोन वाजताहेत असं वाटतं. ज्याने पियानोवरचं रॅगटाइम ऐकलंय त्याला ही हाताची वाटणी लगेच ओळखू येईल.

पोरवयात पिंक रस्त्यात नाचून पैसे मिळवायचा. १४-१५ वर्षांचा असताना तो डॉ. डब्ल्यू. आर. केर याच्या ‘इंडियन रेमेडी कंपनी’च्या फिरत्या खेळात शिरला. हा केर नावाचाच डॉक्टर. औषधाच्या बाटल्या विकणं हा त्याचा धंदा. त्या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात असे ‘मेडिसिन शो’ गावोगाव फिरत. आपल्याकडे आठवडी बाजारात जडीबुटीवाला आधी साप किंवा मुंगूस दाखवून माणसं गोळा करतो आणि मग पोतडी उघडतो, तसलाच हा प्रकार. फक्त सापाच्या जागी गिटार. गाडी उभी राहिली की पिंकने गायचं, नाचायचं, चार विनोद करायचे, माउथ ऑर्गन वाजवायचा. गर्दी दाटली आणि लोकांचे चेहरे सैल झाले की डॉक्टर पुढे येणार आणि बाटली उंचावणार. पोटदुखीपासून सांधेदुखीपर्यंत सगळ्यावर गुण येणारं ते द्रव्य.

हे काम पिंकने थोडीथोडकी नव्हे, १९४५ पर्यंत म्हणजे सुमारे तीस वर्षं केलं. ब्लूजचा गायक म्हणजे रात्री एकटा बसून दुःख गाणारा माणूस, ही जी प्रतिमा आपल्या मनात असते ती इथे मुळीच लागू पडत नाही. समोरचा गोरा शेतकरी असो की काळी मोलकरीण, दोघांनाही जागेवर खिळवून ठेवायचं, कारण ते हलले तर बाटली खपणार नाही. त्यामुळे त्याच्याजवळ ब्लूज होते तसे जुने पोवाडेवजा बॅलड होते, रेल्वे अपघातांची गाणी होती, नाटकी विनोदी गाणी होती, भजनं होती. सॅम्युअल चार्टर्स या संशोधकाने १९६१ मध्ये त्याचं ध्वनिमुद्रण केलं आणि ‘ब्लूजव्हिल’ कंपनीने त्यातून तीन एलपी काढल्या. एकीचं नाव ‘कॅरोलायना ब्लूज मॅन’, दुसरीचं ‘मेडिसिन शो मॅन’ आणि तिसरी बॅलडांची. एकाच माणसाचे हे तीन कप्पे पाडावे लागले यातच सगळं आलं. माझ्या मते त्यातली दुसरी सर्वांत खरी.

त्याआधी त्याच्या नावावर काय होतं? १९२८ मध्ये अटलांटाला कोलंबिया कंपनीसाठी सिमी डूली या अंध गायकाबरोबर चार गाणी. डूली वयाने मोठा आणि काही अंशी पिंकचा गुरूच. नंतर २२ वर्षं काही नाही. १९५० मध्ये पॉल क्लेटन या लोकगीतांच्या संग्राहकाने त्याला एका जत्रेत गाठलं आणि काही गाणी टेपवर घेतली. ती रिव्हरसाइड कंपनीने रेव्हरंड गॅरी डेव्हिस या गायकाच्या गाण्यांसोबत एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंवर काढली. ऑलिव्हरच्या टिपणात नाव येईपर्यंत पिंकची शिदोरी फार मोठी नव्हती.

फ्लॉइड कौन्सिलची शिदोरी त्याहून लहान. उत्तर कॅरोलायनातल्या चॅपल हिलचा हा माणूस, जन्म १९११. गावातल्याच दोन भावांबरोबर तो रस्त्यावर वाजवायचा आणि त्यांच्या ताफ्याला लोक ‘चॅपल हिलबिलीज’ म्हणत, म्हणजे गावाच्या नावावरची कोटीच. १९३७ मध्ये जे. बी. लाँग या गोऱ्या दुकानदाराने त्याला ऐकलं. हा लाँग फुलरचाही सूत्रधार. दुकानात रेकॉर्डी विकताना काय खपतं हे त्याला कळलं होतं, म्हणून तो स्वतःच्या गाडीतून गायकांना न्यूयॉर्कला नेऊन ध्वनिमुद्रण करून आणायचा. कौन्सिलने त्या वर्षी काही गाणी स्वतः गायली आणि काहींत फुलरच्या मागे दुसरी गिटार धरली. म्हणजे ज्या फुलरच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचं नाव आलं, त्याच्या शेजारी ध्वनिमुद्रणाला तो खरोखर बसलेला होता.

त्याच्या रेकॉर्डींवर कंपनीने त्याला एक बिरुदही लावलं: ‘सैतानाचा सासरा’. याची गंमत कळायला सेंट लुइसकडे पाहावं लागेल. तिथला लोकप्रिय गायक पीटी व्हीटस्ट्रॉ (खरं नाव विल्यम बंच) स्वतःला ‘सैतानाचा जावई’ म्हणवून घ्यायचा आणि त्याच्या रेकॉर्डी धडाधड खपत होत्या. जावई खपतो तर सासराही खपेल, असा हा सरळ व्यापारी हिशेब.

इथे थोडं थांबायला हवं. रॉकवाल्यांनी ब्लूजवाल्यांची नावं पळवली असं म्हणणं सोपं आहे, पण ब्लूजच्या दुनियेत नाव ही वस्तू आधीपासूनच या हातातून त्या हातात जात होती. १९४१ मध्ये फुलर वारला तेव्हा त्याच्या नावाचा बाजार जाऊ नये म्हणून ब्राउनी मॅगी या तरुण गिटारवाल्याच्या काही रेकॉर्डी ‘ब्लाइंड बॉय फुलर नं. २’ या नावाने काढण्यात आल्या. मॅगीला चांगलं दिसत होतं. पायाला पोलिओ होता, डोळे ठणठणीत. पण लेबलवर तो आंधळा.

त्याहून बेधडक किस्सा सनी बॉय विल्यमसनचा. जॉन ली विल्यमसन नावाचा माउथ ऑर्गनवाला शिकागोत या नावाने गाजत होता. १९४१ मध्ये आर्कान्सातल्या हेलेना गावी ‘किंग बिस्किट टाइम’ हा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला, मैद्याच्या एका ब्रँडच्या जाहिरातीसाठी. त्यात वाजवणाऱ्या राइस मिलरलाही ‘सनी बॉय विल्यमसन’ म्हणूनच पेश केलं जाऊ लागलं. मूळ सनी बॉयचा १९४८ मध्ये खून झाला आणि दुसरा आपण पहिले आहोत असं ठासून सांगत राहिला. तो वयानेही मोठा होता आणि वाजवायचाही भन्नाट, त्यामुळे त्याच्याशी कोण वाद घालणार? हाच दुसरा सनी बॉय १९६३ मध्ये इंग्लंडला आला आणि डिसेंबरात क्रॉडॅडी क्लबमध्ये ‘यार्डबर्ड्स’ या पोरसवदा बँडला मागे घेऊन गायला. त्या पोरांतला एक १८ वर्षांचा एरिक क्लॅप्टन. क्लबच्या नावातही पुन्हा ब्लूजचीच छाया, कारण ते बो डिडली या अमेरिकी गायकाच्या एका गाण्यावरून पडलेलं. त्याच डिडलीच्या आणखी एका गाण्यावरून ‘प्रिटी थिंग्ज’ या लंडनच्या बँडने नाव घेतलं. ते गाणं लिहिलेलं विली डिक्सनने. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

रोलिंग स्टोन्सची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. १९६२ च्या उन्हाळ्यात लंडनच्या मार्की क्लबमधला त्यांचा पहिला कार्यक्रम ठरला, बँडमधल्या ब्रायन जोन्सने जाहिरातीसाठी ‘जॅझ न्यूज’ला फोन लावला, पलीकडून बँडचं नाव विचारलं गेलं, आणि नावच ठरलेलं नव्हतं. जमिनीवर ‘द बेस्ट ऑफ मडी वॉटर्स’ ही एलपी पडली होती. तिच्यावरच्या गाण्यांच्या यादीवर नजर टाकून त्याने ‘रोलिन स्टोन’ हे एक शीर्षक वाचून दाखवलं. ही हकीकत बँडच्याच कीथ रिचर्ड्सच्या तोंडची आहे, आणि कीथ किस्से फार रंगवतो हे लक्षात ठेवून ऐकायची. पण १२ जुलैला मार्कीत ‘द रोलिन स्टोन्स’ याच नावाने कार्यक्रम झाला, हे नक्की.

मडी वॉटर्सचं खरं नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ मध्ये अॅलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे लोकसंगीताचे अभ्यासक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन त्या मळ्यावर आले आणि मडीने पहिल्यांदा स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकला. त्या आवाजात दम आहे हे पटलं, आणि १९४३ मध्ये तो शिकागोला निघून गेला. ‘रोलिन स्टोन’ १९५० चं. त्यात ढोल नाही, बास नाही. एक विजेची गिटार आणि एक माणूस, मध्येच थांबतात, आणि त्या थांबण्यात पुढच्या ओळीची वाट पाहायला लावतात. हे गाणंही सर्वस्वी त्याचं नव्हतं. रॉबर्ट पेटवेने १९४१ मध्ये गायलेल्या ‘कॅटफिश ब्लूज’चा साचा त्यात स्पष्ट दिसतो.

नाव घेतल्याबद्दल परतफेड झाली असेल तर ती स्टोन्सकडूनच, आणि ती पैशांच्या आधी श्रोत्यांच्या रूपाने. जून १९६४ मध्ये पोरं थेट शिकागोला, २१२० साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवरच्या चेस कंपनीच्या स्टुडिओत जाऊन वाजवून आली. कीथ सांगतो की तिथे पोचलो तेव्हा मडी शिडीवर चढून छत रंगवत होता. चेस घराण्यातल्या मार्शल चेसने हे साफ नाकारलं आहे, आणि मला मार्शलचं पटतं. मडी तेव्हा कंपनीचा मानाचा कलावंत होता आणि नेहमी कडक सुटात वावरायचा. पुढच्या वर्षी अमेरिकी टीव्हीवरच्या ‘शिंडिग’ कार्यक्रमात स्टोन्सनी हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकालाही बोलवायला लावलं आणि तो गात असताना स्वतः त्याच्या पायाशी बसले. गोऱ्या अमेरिकेतल्या कितीतरी घरांत त्या संध्याकाळी आपल्याच देशातला हा आवाज पहिल्यांदा शिरला, आणि तोही इंग्लंडमार्गे. मडीने याबद्दल कधी कडवट सूर लावला नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये शिकागोच्या चेकरबोर्ड लाउंजमध्ये स्टोन्स त्याच्याबरोबर मंचावर चढले, त्याचं चित्रीकरण आहे. दीड वर्षाने मडी गेला.

अमेरिकेतल्या बँडांची गोष्ट वेगळी. त्यांना या माणसांकडे जाणं शक्य होतं. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसला जमलेला ‘कॅन्ड हीट’ हा तर सरळ सरळ जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या गोळा करणाऱ्यांचा अड्डा. नाव टॉमी जॉन्सन या ब्लूज गायकाच्या १९२८ च्या गाण्यावरून. ‘कॅन्ड हीट’ म्हणजे डब्यातलं घट्ट इंधन, स्टर्नो या नावाने मिळणारं; अन्न गरम ठेवायला त्याचा वापर. अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात गरीब माणसं ते फडक्यातून पिळून त्यातला अल्कोहोल प्यायची. त्यात मिथेनॉल मिसळलेलं असे. डोळे जायचे, जीवही जायचे. जॉन्सन स्वतः ते प्यायचा आणि त्याचंच गाणं त्याने केलं. तो १९५६ मध्येच वारला होता, त्यामुळे त्याच्यापर्यंत काही पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

पण या बँडच्या ॲलन विल्सनने एक विलक्षण काम केलं होतं. १९६४ मध्ये सन हाउस हा मिसिसिपीचा दिग्गज न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला सापडला. बरीच वर्षं गिटारला हात लावलेला नव्हता आणि स्वतःचीच गाणी पुरती आठवत नव्हती. वीस-एकवीस वर्षांच्या विल्सनने ती जुन्या तबकड्यांवरून बसवलेली होती. त्याने म्हाताऱ्यासमोर बसून सन हाउसला सन हाउस शिकवला! विल्सनची नजर फार अधू, म्हणून जॉन फेही या गिटारवाल्याने त्याचं नाव ‘ब्लाइंड आउल’ ठेवलं होतं, ब्लाइंड लेमन, ब्लाइंड बॉय अशा ब्लूज गायकांच्या नावांच्या चालीवर. या पोरांना बँडलाच नव्हे, स्वतःलाही ब्लूजचं नाव हवं होतं.

न्यूयॉर्कच्या ‘लव्हिन स्पूनफुल’ने नाव घेतलं ते मिसिसिपी जॉन हर्टच्या ‘कॉफी ब्लूज’मधून. गाण्यात मॅक्सवेल हाउस कॉफीच्या चमच्याचं कौतुक आहे, आणि चमचा फक्त कॉफीचाच नाही हे गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही कळतं. हर्टने १९२८ मध्ये काही गाणी ध्वनिमुद्रित केली होती आणि मग तो शेतीकडे परतला. त्यातल्या एका गाण्यात त्याने आपल्या गावाचं, ॲव्हलॉनचं, नाव घेतलं होतं. टॉम हॉस्किन्स या तरुणाने १९६३ मध्ये तो धागा पकडून ते गाव नकाशात हुडकलं आणि दार ठोठावलं. मग हर्ट न्यूपोर्टच्या महोत्सवात आणि ग्रिनिच व्हिलेजच्या कॅफेंत गायला. बँडच्या जॉन सेबॅस्टियनने त्याच्याबरोबर माउथ ऑर्गन वाजवला होता. माणूस आधी भेटला आणि नाव नंतर घेतलं, असं या सगळ्यांत फक्त इथेच घडलं. १९६६ च्या उन्हाळ्यात स्पूनफुलचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं तेव्हा हर्ट हयात होता. त्याच नोव्हेंबरात तो गेला.

आता पैशांचं. अशा नावावर कॉपीराइटचा हक्क चालत नाही. शीर्षकावर किंवा दोन शब्दांच्या जोडीवर कॉपीराइट मिळत नसल्यामुळे अँडरसन-कौन्सिलच काय, मडीलाही नावापोटी दमडी मागता आली नसती. गाण्याचे शब्द आणि चाल ही मात्र मालमत्ता, आणि तिथे पुढे खटके उडाले. मडीने १९६२ मध्ये गायलेलं ‘यू नीड लव्ह’ हे विली डिक्सनचं गाणं. लेड झेपेलिन या इंग्लिश बँडच्या १९६९ च्या ‘होल लॉटा लव्ह’मध्ये त्याचे शब्द जवळजवळ तसेच आले होते, गीतकार म्हणून डिक्सनचं नाव कुठेही नसताना. १९८५ मध्ये त्याने दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव आलं. डिक्सनने आधीच ‘ब्लूज हेवन फाउंडेशन’ उभं केलं होतं, जुन्या गायकांना आणि त्यांच्या वारसांना आपले हक्क परत मिळवून देण्यासाठी. त्याच्या मृत्यूनंतर संस्थेसाठी जी इमारत विकत घेण्यात आली ती २१२० साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवरची, चेसचा जुना स्टुडिओ.

पिंक अँडरसनच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. साठच्या दशकात त्याला अर्धांगाचा झटका आला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रॉय बुक बाइंडर हा तरुण गोरा गिटारवाला त्याला शोधत स्पार्टनबर्गला आला आणि पिंक पुन्हा थोडंफार बाहेर जाऊन गायला. ऑक्टोबर १९७४ मध्ये तो वारला. पुढच्या सप्टेंबरात पिंक फ्लॉइडची ‘विश यू वेअर हिअर’ आली. तिच्यातल्या ‘हॅव अ सिगार’ या गाण्यात रेकॉर्ड कंपनीचा एक सुखवस्तू साहेब बँडची तोंड भरून स्तुती करतो आणि मग विचारतो की तुमच्यातला पिंक कोणता. हा प्रश्न बँडला खरोखरच वारंवार विचारला जायचा आणि त्यांना त्याचं हसू यायचं. ती एलपी अमेरिकेत आणि इंग्लंडात दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेली. फ्लॉइड कौन्सिल तेव्हा उत्तर कॅरोलायनातल्या सॅनफर्डमध्ये होता. त्यालाही झटका येऊन गळा अधू झालेला होता. मे १९७६ मध्ये तोही गेला.